सेरेब्रल पाल्सीवरचं संशोधन: हाताचं माप झालं, डब्याच्या झाकणाचं काय?

कृष्णाकाठ (रविवार, रात्री १०:४०)

माझी लेक अकरा वर्षांची. उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया, म्हणजे सेरेब्रल पाल्सीतला (मेंदूला अगदी लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचाली अडतात तो आजार) एक प्रकार. उजवा हात-पाय कडक, डावी बाजू ठणठणीत. चालते, पळते, भांडते. ती तीन वर्षांची असताना मी इथं स्प्लिंटबद्दल विचारलं होतं, जुन्या मंडळींना आठवत असेल.

गेल्या आठवड्यात एका फिजिओथेरपी कॉलेजातून फोन आला. पीजी करणारी मुलगी. "मॅडम, थिसिससाठी हेमिप्लेजियाची मुलं हवी आहेत. चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस." आवाजावरून बिचारी घाबरलेली वाटली. हो म्हटलं तर आमचा हा तिसरा अभ्यास. म्हणून आधी इथं लिहितेय.

मागच्या वेळचं सांगते. साडेसातची एसटी पकडली तर दहाला तिथं पोचायचो. वीस दिवस शाळा अर्धी बुडाली. तिकिटाचे पैसे मागायला माझी जीभ रेटली नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. खोलीत एक लाकडी पेटी, मधोमध फळी, एका कप्प्यात ठोकळे. एका मिनिटात किती ठोकळे फळीपलीकडे जातात ते मोजायचं. मग ती ताई लेकीचं कोपर झटकन सरळ करायची, कुठं अडतंय ते बघायची आणि तक्त्यात आकडा लिहायची. सुरुवातीला २, शेवटी १+. सगळे खूश. परतताना एसटीत लेक म्हणाली, "आई, एक अधिक म्हणजे दोनपेक्षा कमी कसं?" मला सांगता येईना.

तिचा शाळेचा डबा स्टीलचा, दोन बाजूंना क्लिपा असलेला. तेव्हा तो मैत्रीण उघडून द्यायची. आजही तीच देते.

काही महिन्यांनी त्या ताईला फोन करून विचारलं, अभ्यासाचं पुढं काय झालं? "सबमिट झालं मॅडम. व्हायवापण झाला." बस. निकाल काय लागला, हाताला खरंच फरक पडला का, बाकीच्या मुलांचं काय, काही कळलं नाही.

त्या मुलींवर माझा राग नाही, त्या जीव तोडून काम करतात. पण हे असंच चालायचं का? आमच्याकडून वेळ घ्यायचा, मुलांची मापं घ्यायची, तर मग ते कसं व्हायला हवं? "सरळ नाही म्हणा" असं सांगू नका, तेवढं मलाही येतं.

---

पोहेवाला (रविवार, रात्री ११:०५)

+१. वाचतोय. "एक अधिक म्हणजे दोनपेक्षा कमी कसं" याचं उत्तर कुणाकडे असेल तर आधी ते द्या, मला आता झोप लागायची नाही.

---

गुडघेदुखी (सोमवार, सकाळी ७:२०)

ताई, मी त्याच मुलींपैकी एक, फक्त बारा वर्षं जुनी. माझ्याही थिसिसमध्ये तीस मुलं होती, पंधरा-पंधरा. त्यांतल्या एकाही घरी मी नंतर निकाल कळवला नाही. तुमची पोस्ट वाचून दोनदा चहा गार झाला.

आधी लेकीला उत्तर. त्या मापाचं नाव ॲशवर्थ. १९६४ मध्ये ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर एक औषध तपासताना ते वापरलं. मूळ पट्टी ०, १, २, ३, ४ अशी, आकडा मोठा तितका कडकपणा जास्त. पुढं लक्षात आलं की १ आणि २ यांच्यामधली बरीच माणसं कुठंच बसत नाहीत. म्हणून १९८७ मध्ये मध्ये एक पायरी घातली, आणि बाकीचे आकडे हलू नयेत म्हणून तिला १+ म्हटलं. म्हणजे तुमची लेक बरोबर आहे, नाव गंमतीशीरच आहे. आणि हे माप घेणाऱ्याच्या हाताला काय जाणवलं त्यावर ठरतं. आज मी २ म्हणेन, उद्या दुसरी १+ म्हणेल. मूल रात्री नीट झोपलं नसेल, खोलीत गारठा असेल, तरी बदलतं.

मग आम्ही ते का वापरतो? दोन मिनिटांत होतं, फुकट आहे, गाइडला माहीत आहे. हात कामात किती मदत करतो हे बघायचं एक चांगलं माप स्वीडनमध्ये तयार झालंय. मुलाला दोन्ही हात लागतील अशी खेळणी द्यायची, खेळताना व्हिडिओ घ्यायचा आणि अडलेला हात कसा वापरला जातो त्याला गुण द्यायचे. पण त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, किट लागतं, आणि ते पीजीच्या मुलीच्या खिशातून होत नाही.

पीजी दोन वर्षांचं. विषय ठरवणं, सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी यांत पहिलं वर्ष जातं. हातात मुलं गोळा करायला सहा-आठ महिने. म्हणून तीस मुलं आणि म्हणून चार आठवडे. चार आठवड्यांत डबा उघडत नाही, ॲशवर्थ मात्र हलतो. जे हलतं ते आम्ही मोजतो.

माझ्या मते उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. दरवर्षी प्रत्येकीनं नवा विषय शोधायचा हट्ट सोडायचा. पाच-सहा कॉलेजांनी मिळून एकच प्रश्न घ्यायचा, मापं सगळीकडे तीच, दोन-तीन बॅचेस तोच अभ्यास पुढं न्यायचा. दहा थिसिसमध्ये विखुरलेली तीनशे मुलं एकत्र आली तर काही सांगता येईल. आज ते दहा थिसिस दहा लायब्ररीत धूळ खातात.

आणि डब्याचं माप अस्तित्वात आहे. कॅनडात झालेली एक पद्धत आहे: मुलाला किंवा आईला विचारायचं की रोजच्या जगण्यातलं काय जमायला हवंय, ते आता किती जमतं आणि त्यावर किती समाधानी आहात, याला १ ते १० गुण द्या. शेवटी पुन्हा विचारायचं. त्याला लाकडी पेटी लागत नाही.

---

बेरीज_वजाबाकी (सोमवार, दुपारी १:१५)

संख्याशास्त्र हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे थोडा रुक्ष प्रतिसाद. गुडघेदुखी यांच्या "तीनशे मुलं"ला पूर्ण अनुमोदन. पण नुसती संख्या वाढवून भागणार नाही, तुलनेचा गट नीट हवा. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. कॅनडातल्या ऑन्टारिओत ६५७ मुलांची वाढ काही वर्षं मोजत गेले आणि २००२ मध्ये त्याचे आलेख छापले. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालींच्या क्षमतेनुसार पाच पातळ्या करतात, पहिली सर्वांत सौम्य, पाचवी सर्वांत तीव्र. पहिल्या पातळीचं मूल आपल्या हालचालींच्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत साधारण पावणेपाच वर्षांचं होईपर्यंत पोचतं, पाचव्या पातळीचं तीन वर्षांच्या आतच. म्हणजे अडीच वर्षांच्या मुलावर सहा महिने कसलाही उपचार करा, ते सुधारलेलं दिसेल, कारण ते वाढतंय. "आमच्याकडे ८० टक्के मुलांत फरक पडला" अशा जाहिरातीत ही वाढच उपचाराच्या नावावर जमा केलेली असते.

दुसरी गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. नव्वदीच्या शेवटी हायपरबॅरिक ऑक्सिजनचं फार पेव फुटलं होतं. मुलाला दाबाच्या कक्षात बसवून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. कॅनडातल्याच क्युबेकमध्ये १११ मुलांवर नीट चाचणी झाली, २००१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. अर्ध्यांना पावणेदोन पट दाबाखाली ऑक्सिजन, उरलेल्यांना किंचित जास्त दाबाची साधी हवा. कुणाला काय मिळतंय हे आईबापांना माहीत नाही. चाळीस बैठका. निकाल? दोन्ही गटांतली मुलं सुधारली. आणि सारखीच सुधारली.

आता साध्या हवेचा गट नसता तर काय झालं असतं याची कल्पना करा. "ऑक्सिजननं मुलं सुधारली" असा मथळा येऊन आज प्रत्येक जिल्ह्यात एक टाकी असती. (काही ठिकाणी तरीही आहे.) समर्थक म्हणाले, म्हणजे साधी हवासुद्धा गुणकारी! अहो, चाळीस दिवस आई-बाप मुलाला घेऊन रोज कुठं तरी जातात, सगळे त्याच्याकडे लक्ष देतात, त्याच्याकडून अपेक्षा करतात, हेही एक औषधच असतं. मुलाचं वाढणं वेगळंच. ते वजा केल्याशिवाय उपचाराच्या पदरात काय पडलं ते कळत नाही.

---

उसाचा_फड (सोमवार, रात्री ९:३०)

बेरीजराव, हे आम्हाला सहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर साडेचार लाख वाचले असते.

पोरगा तेव्हा चार वर्षांचा. एका मोठ्या शहरातल्या सेंटरमध्ये स्टेम सेल करून घेतले. नाव लिहीत नाही. तिथल्या फॉर्मवर ठळक अक्षरात 'संशोधन प्रकल्प' लिहिलेलं. मला वाटलं, संशोधन म्हणजे चांगलंच असणार, सरकारी असणार. कमरेतून मज्जा काढली, पाठीत सोडली. सहा महिन्यांनी मान जरा बरी धरायला लागला. आम्ही पेढे वाटले. आता हे वाचून कळतंय की मान त्यानं वयानंही धरली असती.

दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावलं, पुन्हा पैसे. तेव्हा मात्र वडील म्हणाले, "आपुन मंडईत टोपली घेऊन बसलो आणि गिऱ्हाइकानं आपल्याकडनंच पैसं घेतलं, असा धंदा कधी बघितलाय का?"

---

बेरीज_वजाबाकी (सोमवार, रात्री १०:१०)

उसाचा_फड, तुमच्या वडिलांनी एथिक्सचं पुस्तक एका वाक्यात सांगितलं.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: संशोधनात भाग घ्यायचे पैसे लागत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांत आहे की संशोधनापायी येणारा खर्च सहभागी माणसाच्या माथी मारायचा नाही. त्याच वर्षीच्या स्टेम सेलबद्दलच्या सूचनांनुसार रक्ताच्या वगैरे काही ठरावीक आजारांतलं मज्जा प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहे, आणि सेरेब्रल पाल्सी त्या 'बाकी'त येते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात मुलाच्या स्वतःच्या नाळेतल्या रक्ताची चाचणी झाली, ६३ मुलं, २०१७. मुख्य तुलनेत वर्षभरानं फरक दिसला नाही. ज्यांना पेशींचा डोस जास्त मिळाला त्यांच्यात थोडी आशा दिसली. म्हणजे शोधत राहण्याजोगा विषय आहे, पण विकण्याजोगा माल अजून तयार नाही.

भारतात चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना तिथं आधी नोंद करणं सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि साइटवर शोधा. मात्र नोंद आहे म्हणजे उपचार मान्य झाला असं समजू नका, तो फक्त हजेरीपटावरचा नंबर.

---

अटकेपार (मंगळवार, सकाळी ८:००)

एवढा ऊहापोह कशासाठी ते कळत नाही. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात कोट्यवधी खर्चून हे सगळं झालेलं आहे. त्यांचे निकाल घ्या, आपल्याकडे वापरा. आपण तीस-तीस मुलांचे थिसिस बंद केले तरी जगाचं काही अडणार नाही.

---

रात्रपाळी (मंगळवार, पहाटे, म्हणजे बुधवारी खरं तर, ३:५०)

अटकेपार, मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करतो आणि तुम्ही म्हणताय ते आम्ही करून बघितलं. हात पोळले.

जन्मताना ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा झालेल्या बाळांना ७२ तास थंड ठेवायचं, अंगाचं तापमान साडेतेहतीसवर आणायचं, ही उपचारपद्धत २००५ पासून श्रीमंत देशांतल्या मोठ्या चाचण्यांत खरी ठरली. मृत्यू कमी, सेरेब्रल पाल्सी कमी. साहजिकच आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी सुरू झाली. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत मिळून ४०८ बाळांवर चाचणी झाली, नाव हेलिक्स. आपल्या मुंबईचं सायन हॉस्पिटलही त्यात होतं. निकाल २०२१ मध्ये आला. थंड ठेवलेल्या बाळांत मृत्यू ४२ टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३१ टक्के. मृत्यू किंवा अपंगत्व असं एकत्र धरलं तरी फायदा शून्य.

तीच मशिनं, तेच तापमान, तेच तास. बाळं आणि परिस्थिती मात्र वेगळी. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांत इजा प्रसूतीच्या शेवटच्या तासात एकदम झालेली नसावी, आधीपासून हळूहळू होत आलेली असावी, हा एक तर्क. यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण ही चाचणी झाली नसती तर आम्ही आजही चांगलं करतोय असं समजून बाळं गार करत राहिलो असतो. मी स्वतः केलेली आहेत.

आता याच्याशीच जोडलेलं आणखी एक, कृष्णाकाठ ताईंसारख्या आयांसाठी. आमच्याकडे सीपीच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या, प्रत्येक फाइलवर पहिली ओळ ठरलेली: "जन्मल्यावर बाळ लगेच रडलं नाही." आई ते वाक्य पुढं आयुष्यभर उरावर घेऊन फिरते. १८६१ मध्ये लंडनला लिटल नावाच्या सर्जननं अवघड बाळंतपणाचा आणि या कडकपणाचा संबंध मांडला, तेव्हापासून सगळ्यांची नजर त्या एका घटकेवर खिळली. १८९७ मध्ये फ्रॉइडनं, हो, तोच, मानसशास्त्राकडे पूर्ण वळण्याआधी तो मुलांच्या मेंदूच्या आजारांवर काम करायचा, शंका काढली की अवघड बाळंतपण हे कारण नसून आधीच बिघडलेल्या कशाचं तरी लक्षण असेल. कुणी फारसं ऐकलं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत नेल्सन आणि एलेनबर्ग यांनी पन्नास हजारांवर गरोदरपणांची माहिती तपासली, तेव्हा जन्मावेळच्या गुदमरण्यानं समजावता येतील अशी मुलं थोडीच निघाली. अपुरे दिवस, गर्भातले संसर्ग, पक्षाघात, अलीकडे जनुकीय बदल, बरंच काही आहे. आपल्याकडे वाढलेल्या काविळीची भर.

आपली बाळं नेमकी कशामुळे, हे आपल्याच बाळांकडे बघून कळणार. फाइलवर "रडलं नाही" लिहून नाही.

ड्यूटी संपत आलीय, शुद्धलेखन माफ करा.

---

कृष्णाकाठ (बुधवार, सकाळी ६:३०)

डॉक्टर, माझी लेक रडली होती. मोठ्यानं. तरी फाइलवर तेच लिहिलंय. अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगतेय.

---

रात्रपाळी (बुधवार, सकाळी ६:४२)

ताई. विश्वास आहे. हेमिप्लेजियाच्या बऱ्याच मुलांत जन्माच्या आधी किंवा जन्माच्या सुमारास मेंदूच्या एका बाजूला रक्तपुरवठा अडलेला असतो, बाळ जन्मतं तेव्हा छान रडतं, पहिले काही महिने कुणाला काही कळत नाही. मूल एकाच हातानं वस्तू घ्यायला लागलं की मग लक्षात येतं. एमआरआय झालेला असेल तर तो घेऊन एकदा बालमेंदूतज्ज्ञाकडे जा आणि फाइल दुरुस्त करून घ्या. चुकीच्या फाइलवरून झालेलं संशोधनही चुकीचंच.

---

तिसरी_पायरी (बुधवार, दुपारी ४:००)

मी बेचाळीस वर्षांचा, दोन्ही पाय कडक, कुबड्या घेऊन चालतो, बँकेत नोकरी. धाग्यात सगळे 'मुलं, मुलं' म्हणताहेत म्हणून मुद्दाम आलो. मुलं मोठी होतात हो.

माझ्यावर लहानपणी भरपूर लोकांनी अभ्यास केला. एका सभागृहात मला अर्धी चड्डी घालून चाळीस विद्यार्थ्यांसमोर तीनदा चालवलं होतं. तेरा वर्षांचा होतो. "पुन्हा एकदा, सावकाश." कुणी मला विचारलं नाही. बाबांना विचारलं, बाबा हो म्हणाले, डॉक्टरला नाही म्हणायची पद्धत आमच्यात नव्हती. आता निदान कागदावर तरी नियम बदललाय: सात ते अकरा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती आणि बारा ते अठराची लेखी संमती, पालकांच्या संमतीबरोबरच वेगळी घ्यायची. कृष्णाकाठ, तुमच्या लेकीला कुणी विचारलं होतं का?

अठरा झालो आणि सगळ्यांचा रस संपला. त्या पाच पातळ्यांची वर्णनंसुद्धा अठरापाशीच थांबतात. पस्तिशीनंतर माझे गुडघे आणि कंबर दुखायला लागले, दुपारी तीनला बॅटरी संपल्यागत थकवा येतो, पूर्वी मी चढायचो तो जिना आता चढवत नाही. डॉक्टर म्हणतात, "सीपी वाढत नाही, मेंदूतली जखम तशीच राहते." जखम राहत असेल तशीच, माणूस राहत नाही. मी कोणत्या वयात काय अपेक्षा ठेवावी, व्यायाम किती, विश्रांती किती, याचं उत्तर भारतात मला कुणी दिलेलं नाही.

आणि एक. युरोपातल्या सात देशांत आठ ते बारा वर्षांच्या सीपीच्या मुलांना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारलं होतं, २००७ मध्ये छापून आलं. ८१८ मुलं, त्यांपैकी ५०० जणांनी स्वतः उत्तरं दिली. त्यांचं म्हणणं बाकीच्या मुलांपेक्षा फारसं वेगळं निघालं नाही. म्हणजे मुलं मजेत होती. आमच्याबद्दल दुसऱ्यांना विचारलं की करुण कहाणी मिळते, आम्हाला विचारलं तर गुडघ्याची तक्रार आणि क्रिकेट. संशोधनाचे प्रश्न ठरवणाऱ्या टेबलावर आमच्यातला एक तरी बसवा. नुसता फोटोला नाही.

---

पोहेवाला (बुधवार, संध्या. ५:१०)

"मुलं मोठी होतात हो." याला दहा लाइक देता येतील का?

संमतीपत्रावरून आठवलं. भाचीच्या वेळी मराठी फॉर्म आला होता. 'यादृच्छिकीकरण', 'प्रतिकूल घटना', 'अंध परीक्षक'. बहीण घाबरली, म्हणाली, आंधळा माणूस कसा तपासणार? चिठ्ठी टाकून कोण कोणत्या गटात ते ठरवणार, आणि तपासणाऱ्याला गट माहीत नसणार, असं लिहायला काय पैसे पडतात?

---

यारा_काठ (बुधवार, रात्री ११:५५)

कृष्णाकाठ, नदी वेगळी पण मीही काठावरचीच, मेलबर्नहून. मुलगा नऊ वर्षांचा, चौथी पातळी.

इथं आल्यावर पहिली वेगळी गोष्ट दिसली ती रजिस्टर. मुलाचं निदान झालं की नोंद होते: कारण, प्रकार, पातळी, एमआरआय, जन्माचा आठवडा. वर्षानुवर्षं. त्यामुळे यांना सांगता येतं की नव्वदीत हजार बाळांमागे दोनाच्या वर असलेलं प्रमाण आता दीडच्या आसपास आलंय. स्वीडनवाल्यांनी १९९४ मध्ये याच धर्तीवर सुरू केलं आणि नोंदीबरोबर खुब्याचे एक्स-रे ठरल्या वेळी काढायला लागले. सीपीत खुबा हळूहळू निखळतो, मूल बोलत नसेल तर दुखतंय तेही कळत नाही. त्यांच्याकडे आता खुबा पूर्ण निखळणं जवळजवळ बंद झालंय. कुठलंही नवं औषध नाही, वेळेवर बघणं आणि वेळेवर उपचार.

हे श्रीमंतांचेच चोचले असं म्हणाल तर बांगलादेशातल्या सिराजगंज जिल्ह्यात २०१५ पासून रजिस्टर आहे. गावातल्या माणसांना शिकवलं, त्यांनी घरोघरची मुलं शोधली, मग डॉक्टरांचं शिबिर. हजारी ३.४ मुलं निघाली. आपल्याकडे आशा सेविका आहेत, अंगणवाडी आहे, शाळेतली मुलं तपासायला बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाड्या फिरतात.

---

माजघर (गुरुवार, सकाळी ९:२५)

नेहमी वाचनमात्र असते. यारा_काठ, आमच्या भागात नाव नोंदवायला लोक तयार होत नाहीत. माझ्या जावेनं मोठ्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्रसुद्धा काढलं नाही, कारण धाकटीचं लग्न ठरायचंय. "घराण्यात आहे" म्हणतील. शिबिराची गाडी आली की पोराला मळ्यात पाठवतात. तुमच्या रजिस्टरात तो नाहीच.

---

यारा_काठ (गुरुवार, सकाळी १०:४०)

माजघर, पटलं. याचा मी विचारच केला नव्हता. इथं संशोधकांना नाव दिसत नाही, नुसता क्रमांक दिसतो. पण गाडी दारात उभी राहिली की गावाला क्रमांक कशाला लागतो, हेही खरं.

---

रात्रपाळी (गुरुवार, दुपारी २:००)

आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) आहे की, असं कुणी म्हणायच्या आत: त्यावर टक्के असतात. कारण नाही, पातळी नाही. "७५ टक्के" या आकड्यावरून कसलंही संशोधन होत नाही.

माजघर, दवाखान्यातूनच सुरुवात करता येईल. एसएनसीयूतून, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागातून, घरी जाणारं प्रत्येक बाळ पुढं ठरावीक काळ तपासायला यायचं असतं. अर्धी येत नाहीत असा माझ्या वॉर्डचा अनुभव, आणि जी येत नाहीत त्यांतच आम्हाला हवी असलेली उत्तरं असतात. एसटीचं तिकीट दिलं तर येतील का, याचा कुणी अभ्यास केला तर मी पहिला सही करीन.

---

उसाचा_फड (गुरुवार, दुपारी २:२०)

येतील. मजुरी बुडते ती पण धरा.

---

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री ९:१५)

अपडेट. त्या मुलीला फोन केला. म्हटलं, येऊ, पण माझं थोडं ऐक. येण्याजाण्याचं भाडं. शाळेच्या वेळेनंतर किंवा शनिवार-रविवार. शेवटी एका पानावर मराठीत निकाल, जो काय लागेल तो, वाईट लागला तरी. आणि मापांत लेकीच्या पसंतीचं एक काम.

बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, सिनॉप्सिस मंजूर झालाय, आता माप बदलता येत नाही, गाइडना विचारते." मला वाटलं संपलं. काल तिचाच फोन. मुख्य माप तेच राहणार, पण मुलांनी सांगितलेल्या कामाचे १ ते १० गुण जादाचं माप म्हणून घालायचं, त्यासाठी एथिक्स कमिटीला पत्र देणार आहेत. निकालाचं पान देणार. वेळ शनिवार-रविवार अधिक दोन संध्याकाळी. भाड्याचं काही जमत नाही म्हणे, विद्यार्थ्यांना फंड नसतो. त्यावर आमचे हे म्हणाले, तिच्याकडून कसले घेतेस. तो विषय अर्धाच राहिला.

तिसरी_पायरी, तुमचा प्रश्न मी लेकीला विचारला. नाही, आधी दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. या वेळी फॉर्म तिला मोठ्यानं वाचून दाखवला. "केव्हाही थांबवता येईल" याच्यावर तिनं विचारलं, "कारण न सांगता?" म्हटलं, हो. "मग शाळेला का नाही असा फॉर्म?"

कामाच्या रकान्यात तिनं डब्याचं लिहिलं. डाव्या हातानं, मोठ्या अक्षरात: क्लिपवाला. घरचा नाही, शाळेतला. मधल्या सुट्टीत. आता किती जमतं याला २ गुण दिले. मी विचारलं २ का, शून्य का नाही? म्हणाली, एक क्लिप निघते.

---

गुडघेदुखी (शनिवार, रात्री ९:५०)

एक क्लिप निघते म्हणजे डावा हात काम करतोय आणि दुसऱ्या क्लिपच्या वेळी डबा सरकतोय. उजव्या हातानं तो दाबून धरता येतो का, तिथं बघायला सांगा. पहिल्या दिवशी डबा घेऊन जा, आणि भरलेला न्या. रिकामा डबा वेगळा सरकतो.